पैसे वजा केल्यावर उरणारा पाचिंको

नोव्हेंबर १९८५ मध्ये तोशिबा ईएमआय या जपानी कंपनीने फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रासाठी ‘पाचिकॉन’ नावाची एक कॅसेट बाजारात आणली. पडद्यावर खिळ्यांची पाटी, खिळ्यांना धडकत खाली येणाऱ्या गोळ्या आणि जमा गोळ्यांचा आकडा, एवढाच तो खेळ होता. खराखुरा पाचिंको तेव्हा जपानमध्ये शोधत फिरावे लागत नव्हते. बहुतेक मोठ्या रेल्वे स्टेशनांबाहेर त्याचे हॉल होते आणि आत शेकडो यंत्रांचा गोंगाट दिवसभर चाले. तिथे नशीब उघडले तर घरी जाताना हातात काहीतरी असे. कॅसेटमध्ये जिंकले तर पडद्यावरचा आकडा वाढे, बाकी काही नाही. तरी या कॅसेटींना गिऱ्हाईक मिळाले. पुढची वीसेक वर्षे जपानमधल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती यंत्रावर पाचिंकोचे खेळ निघत राहिले, आधी कॅसेटवर आणि मग सीडीवर.

हे पुस्तक त्या खेळांबद्दल आहे. विषय ऐकल्यावर कोल्हापुरातला वाचक पहिल्यांदा विचारील, ‘आमचा आणि ह्याचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे प्रस्तावनेचेच काम आहे. संबंध दोन बाजूंनी आहे. एक, ज्या यंत्रावर हे खेळ निघाले त्याच जातीचे यंत्र आपल्याकडच्या हजारो घरांत होते. दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा. जुगारातून पैसा वजा केला की जुगाराचे यंत्र उघडे पडते आणि शांतपणे पाहता येते. ज्या गावात मटका, तीन पानी आणि आता मोबाईलवरचे डाव यांची माहिती कुणालाही नव्याने करून द्यावी लागत नाही, तिथे अशा पाहण्याचा उपयोग आहे.

ज्यांनी पाचिंको पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी ते यंत्र समजून घेऊ. काचेआड एक उभी पाटी असते. तिच्यावर शेकडो पितळी खिळे दाटीने ठोकलेले असतात. खेळणारा पैसे देऊन ११ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या घेतो. रूढ दर एका गोळीला ४ येन. उजव्या हाताखालची गोल मूठ फिरवली की गोळ्या एकामागून एक कडेच्या रुळावरून वर उडतात आणि खिळ्यांतून वाट काढत खाली येतात. मिनिटाला १०० पेक्षा जास्त गोळ्या उडू नयेत असे तिथले बंधन आहे. मूठ किती फिरवायची, म्हणजे गोळी किती जोराने जाईल, एवढाच ताबा खेळणाऱ्याकडे. बहुतेक गोळ्या तळाच्या भोकात जाऊन संपतात. एखादी मधल्या लहान तोंडात शिरली तर चार-दोन गोळ्या परत मिळतात आणि आतल्या आत एक सोडत निघते.

ही सोडत पाचिंकोत कायमची नव्हती. १९८० मध्ये सान्क्यो कंपनीने ‘फीवर’ नावाचे यंत्र आणले. त्यात तीन आकडे फिरत आणि तिन्ही सात जुळले की खालचे दार उघडून गोळ्यांचा पाऊस पडे. तेव्हापासून या धंद्याचे रूप बदलले. गोळी कुठल्या कप्प्यात पडते हे पाहण्यापेक्षा आकडे जुळतात का हे पाहणे मोठे झाले. पुढच्या काळातल्या अशा यंत्रांत मोठे बक्षीस लागण्याची शक्यता तीनशेत एक किंवा त्याहून कमी असे. बक्षीस लागले की दोन-अडीच हजार गोळ्या मिळत. यातली एक गोष्ट वाचकाने इथेच मनात धरून ठेवावी. गोळी तोंडात शिरली त्याच क्षणी निकाल ठरलेला असतो. त्यानंतर आकडे फिरतात, दोन सारखे येऊन थांबतात, तिसरा रेंगाळतो, संगीत चढते, दिवे लागतात. हा सगळा देखावा निकाल लागून गेल्यावरचा आहे.

खिळ्यांचे मात्र तसे नाही. ते खरेच काम करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया शहरात मासामुरा ताकेइची याने खिळ्यांची जी मांडणी बसवली, तिच्यावर पुढच्या यंत्रांचा पाया उभा राहिला. हॉल बंद झाल्यावर छोटी हातोडी आणि मोजमापाच्या सळ्या घेऊन एक कारागीर यंत्रांवरून फिरे आणि मधल्या तोंडावरचे दोन खिळे किंचित जवळ आणी किंवा किंचित लांब नेई. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा, पण दिवसभरात हजारो गोळ्या त्या फटीवरून जात असल्याने हॉलचा नफा-तोटा त्यावर ठरे. उद्यमनगरात लेथवर किंवा फिटिंगच्या बाकावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. सराईत खेळणाराही बसण्याआधी काचेतून खिळे वाचत असे. पाचिंकोत कौशल्य म्हणून जे होते ते मुख्यतः इथे होते.

या यंत्राचा पूर्वज आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडतो. कॅरम, व्यापार, पत्ते यांच्या जोडीने उन्हाळ्याच्या सुटीत माळ्यावरून खाली येणारा बगाटेल. लाकडी पाटी, खिळ्यांची अर्धवर्तुळे, प्रत्येकात लिहिलेले गुण आणि गोळी ढकलायला स्प्रिंगचा दांडा. हा खेळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजला आणि इंग्लंडमार्गे पसरला. स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्हने घेतले. त्याची एक फांदी अमेरिकेत पिनबॉल झाली. दुसरी फांदी १९२० च्या दशकात जपानमध्ये मिठाईच्या दुकानांतला मुलांचा खेळ म्हणून पोहोचली आणि तिथे आडवी पाटी उभी करण्यात आली. आपल्याकडे बगाटेल बैठकीतच राहिला. त्याला दुकान मिळाले नाही, म्हणून त्याचा धंदाही झाला नाही.

जपानमध्ये धंदा झाला, पण कायद्याच्या एका विचित्र वळणावरून. तिथल्या दंडसंहितेत जुगाराला बंदी आहे. पाचिंको हॉल चालतात ते १९४८ पासूनच्या करमणूक व्यवसायांच्या कायद्याखाली, आणि त्यांना रोख बक्षीस देता येत नाही. म्हणून हॉल वस्तू देतो. आपल्या जत्रेत रिंग टाकून साबण नाहीतर कंगवा मिळतो तसेच हे, फक्त ही खास वस्तू घेऊन माणूस हॉलबाहेरच्या एका छोट्या खिडकीपाशी जातो आणि तिथे ती रोख पैशाला विकतो. टोकियोत ही वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या डबीतला सोन्याचा छोटा तुकडा. ती पुढे घाऊक व्यापाऱ्याच्या हातून फिरून पुन्हा हॉलमध्ये येते. तीन दुकाने, कागदावर तिन्ही वेगळी. अशा रचनेवर १९९० च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये अठरा हजारांवर हॉल उभे होते. आज त्यांची संख्या निम्म्याहूनही कमी आहे.

आता घरगुती खेळांकडे येऊ.

फॅमिकॉम १९८३ चे यंत्र. त्याची काम करण्याची स्मृती २ किलोबाइट. पडद्यावर हलणाऱ्या चित्रांचे ६४ तुकडे एका वेळी दाखवता येत आणि एका आडव्या ओळीत त्यांतले आठच. नववा तुकडा त्या ओळीत आला की दिसेनासा होई. पाचिंकोसाठी ही अट जाचक आहे. मिनिटाला १०० गोळ्या आणि प्रत्येक गोळी तीन-चार सेकंद पाटीवर, म्हणजे एका क्षणी पाच ते सात गोळ्या हवेत असणार. शिवाय फिरणारे आकडे, उघडणारी दारे. त्यामुळे त्या काळच्या कॅसेटींत गोळ्या मोजक्या आणि पाटी सुटसुटीत ठेवावी लागे. प्रत्येक खिळ्यावरची टक्कर भौतिकशास्त्राने सोडवायला त्या प्रोसेसरला वेळ नव्हता. गोळी खिळ्यापाशी आली की डावीकडे की उजवीकडे, हे बहुतांशी एका आकड्यावर सोपवणे सोयीचे होते. यंत्रात घड्याळ नसल्याने तो आकडाही गणिताने पिकवायचा आणि खेळणाऱ्याने बटण केव्हा दाबले यावरून त्यात थोडा अनिश्चितपणा मिसळायचा. खऱ्या पाटीवर जिथे पितळ काम करते तिथे इथे सोडतच काम करते. कौशल्याची जागा सुरुवातीच्या खेळांत अशी आणखी आक्रसली. तरी खेळताना खिळ्यांवर राग काढावासा वाटतो. हे का होते, याचा विचार वाचकाने जरूर करावा.

१९८७ मध्ये कोकोनट्स जपान या कंपनीने ‘पाचिओ-कुन’ आणला. त्याचा नायक हातपाय आणि चेहरा असलेली पाचिंकोची गोळीच. ही मालिका फॅमिकॉमवर वाढली आणि पुढे पीसी इंजिन, गेम बॉय, सुपर फॅमिकॉम अशा यंत्रांवर गेली. या खेळांनी एक महत्त्वाचा बदल केला. खऱ्या हॉलमध्ये डावाला शेवट नसतो, खिसा रिकामा होईपर्यंत किंवा दारे बंद होईपर्यंत तो चालतो. ‘पाचिओ-कुन’मध्ये एका यंत्रातून ठराविक गोळ्या काढल्या की ते यंत्र जिंकले, मग पुढचे यंत्र, पुढचा हॉल. जुगाराला गोष्ट मिळाली आणि गोष्टीला शेवट असतो. लहान मुलांच्या खोलीत पाचिंको शिरला तो या वाटेने. हॉलमध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, हे लक्षात घेतले की या गोंडस गोळीकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते.

१९९० मध्ये सुपर फॅमिकॉम आणि १९९४ च्या शेवटी सेगा सॅटर्न व प्लेस्टेशन आले, तेव्हा या खेळांचे धोरण बदलले. आता काल्पनिक यंत्रे मागे पडली आणि हॉलमध्ये उभी असलेली नेमकी यंत्रे, त्यांच्या कंपन्यांच्या नावानिशी, घरात येऊ लागली. सान्क्यो आणि हेइवा या कारखान्यांची नावे थेट खेळांच्या शीर्षकांत दिसू लागली. तेलेनेट जपानने ‘पार्लर!’ ही मालिका चालवली आणि तिचा एक भाग १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ वरही आला. सीडीत जागा भरपूर, त्यामुळे मूळ यंत्रातले संगीत, आवाज आणि रेंगाळणाऱ्या तिसऱ्या आकड्याची सगळी नाटके जशीच्या तशी देता आली. जाहिरातीचा भर एकाच गोष्टीवर असे, की हे हुबेहूब आहे.

पाचिंकोच्या हॉलमध्ये दुसरेही एक यंत्र असते, पाचिस्लॉट. तीन चाके आणि प्रत्येक चाकाला थांबवायचे स्वतंत्र बटण. इथे हिशेब अधिक रंजक आहे. चाकावर साधारण एकवीस चित्रे असतात आणि चाक मिनिटाला जास्तीत जास्त ८० फेरे घेते. म्हणजे एक फेरा पाऊण सेकंदाचा आणि एक चित्र डोळ्यांसमोर सेकंदाचा अठ्ठाविसावा भाग. घरच्या टीव्हीवर, जिथे सेकंदाला ६० चित्रचौकटी येतात, तिथे प्रत्येक चित्राच्या वाट्याला दोनच चौकटी येतात. एवढ्या वेळात नेमके चित्र पाहून बटण दाबणे हे सरावाने येते. त्या सरावासाठी अनेकांनी हे खेळ घेतले आणि हॉलसारखी बटणे असलेले खास कंट्रोलरही घेतले. पण इथेही सोडत आधीच झालेली असते. आत बक्षीस लागलेले असेल तरच अचूक बटणाचा उपयोग. लागलेले नसेल तर चाक काही चित्रे पुढे घसरून थांबते आणि नेम कितीही चांगला असला तरी जुळणी होत नाही. कौशल्य आहे, पण ते लागलेले बक्षीस न गमावण्याचे कौशल्य आहे. बक्षीस लावण्याचे नाही.

पाचिस्लॉटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली असते. हॉलचा मालक यंत्राच्या आत किल्ली लावून एक ते सहा यांपैकी एक पातळी ठरवतो. एकवर यंत्र कंजूष, सहावर उदार. बाहेरून फरक दिसत नाही, दिवे तेच, संगीत तेच. गिऱ्हाईक दिवसभर बसून अंदाज बांधते. घरगुती खेळाने ही किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली. मेनू उघडा, पातळी निवडा. पाचिंकोच्या खेळांत खिळ्यांची फट कमी-जास्त करता येते. किती फेऱ्या झाल्या, किती गोळ्या गेल्या, किती परत आल्या, सगळ्याचा तक्ता समोर येतो. गिऱ्हाईक आणि मालक या दोन्ही खुर्च्यांवर एकाच माणसाला बसता येते, असे ठिकाण जुगाराच्या दुनियेत दुसरे क्वचितच सापडेल.

मला या खेळांचे सगळ्यात मोठे मोल इथे वाटते. तीनशेत एक शक्यता असलेले यंत्र घ्या. साधी समजूत अशी, की तीनशे फेऱ्या झाल्या म्हणजे एकदा तरी लागणारच. हिशेब वेगळे सांगतो. तीनशे फेऱ्यांनंतरही शंभरातल्या सुमारे सदतीस जणांना काहीच लागलेले नसते. सहाशे फेऱ्यांनंतर तेरा-चौदा जण कोरडे असतात आणि हजार फेऱ्यांनंतरही तीन-चार. आणि ज्याला नऊशे फेऱ्या लागले नाही, त्याची पुढच्या फेरीतली शक्यता तीनशेत एकच राहते, रेसभरही वाढत नाही. हे वाक्य शाळेच्या पुस्तकात वाचून पटत नाही. पडद्यावर नऊशे फेऱ्या कोरड्या गेलेल्या पाहिल्या, त्याही आपण स्वतः मालकाच्या खुर्चीत बसून यंत्र उदार केल्यावर, म्हणजे पटते.

मटक्याचा हिशेब याहून सोपा आहे. १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी जो आकडा रुजवला, त्यात दहांतला एक अंक लागला की रूढ भाव रुपयाला नऊ. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये आत आले, नऊ बाहेर गेले, एक राहिला. हे गणित चौथीतल्या पोराला जमते, तरी गल्लीगल्लीत आकडा लावणारे संपलेले नाहीत. कारण आकडा लावणारा शंभर दिवसांची बेरीज मांडत नाही, त्याला लागलेला एक दिवस आठवतो. घरगुती पाचिंकोतला तक्ता ती बेरीज मांडून समोर ठेवतो.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि या पुस्तकाने ती टाळलेली नाही याचे मला समाधान आहे. हे खेळ जुगाराचे शवविच्छेदन करायला कुणी काढले नव्हते. यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांना त्यांतून फुकटची जाहिरात मिळे. नवीन यंत्राची नाटके घरी पाठ झालेला माणूस हॉलमध्ये त्याच यंत्रापुढे बसण्याची शक्यता अधिक. दोन सारखे आकडे आल्यावर कुठले संगीत वाजले म्हणजे आशा धरायची, कुठले वाजले म्हणजे नाही, हे ज्ञान घरी मिळवायचे आणि हॉलमध्ये वापरायचे. त्या ज्ञानाने शक्यता बदलत नाही, फक्त प्रत्येक फेरीतली गुंतवणूक वाढते. पुढे तर दोन्ही धंदे एकमेकांत मिसळले. २००३ मध्ये सॅमी कंपनीने ‘होकुतो नो केन’ या प्रसिद्ध चित्रकथेवर पाचिस्लॉट काढला, त्याची सहा लाखांवर यंत्रे हॉलमध्ये गेली आणि त्याची घरगुती आवृत्ती प्लेस्टेशन २ वर आली. २००४ मध्ये सॅमी आणि सेगा एका छत्राखाली आल्या. मुलांचे खेळ बनवणारे एक मोठे घराणे जुगारयंत्रांच्या पैशावर तरले, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

आता कोल्हापूर. १९९० च्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ या नावाने जी यंत्रे आली ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, तैवान आणि चीनमध्ये तयार झालेल्या. मिरजकर तिकटीपासून राजारामपुरीपर्यंतच्या पोरांना त्यांचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अॅडॉप्टर तापला की थांबायचे, कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, मारिओ आणि कॉन्ट्रा कुणाच्या घरी आहे याची खबर ठेवायची, इतके पुरे होते. पण एक तांत्रिक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीच्या कॅसेटला ७२ पिना होत्या, जपानी कॅसेटला ६०. आपल्याकडच्या नकला साठ पिनांच्या, म्हणजे जपानी घराच्या. ‘पाचिकॉन’ किंवा ‘पाचिओ-कुन’ची मूळ कॅसेट त्या काळी कोल्हापुरात आली असती तर ती आपल्या यंत्रात सरळ बसली असती.

जपानची इतर खेळणी आलीही. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ, अशी जी लांबलचक यादी पडद्यावर यायची, तिच्यात सर्कस चार्ली आणि रोड फायटर यांच्या मधेच ‘माहजोंग’ असायचा, पाच सोंगट्या ओळीत लावायचा गोमोकू असायचा. उघडल्यावर जपानी अक्षरे आणि अनोळखी सोंगट्या दिसत. पोरे रिसेट दाबून पुढे जात. एका परक्या देशातल्या मोठ्या माणसांची करमणूक आपल्या दिवाणखान्यापर्यंत आली होती, पण ती उलगडून सांगणारे मराठीत कुणी नव्हते. हे पुस्तक ते राहिलेले काम तीस वर्षांनी हाती घेते.

आपल्याकडे पाचिंकोसारखा धंदा कधी का उभा राहिला नाही, याचे उत्तर कायद्यात सापडते. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अजून महाराष्ट्रात लागू आहे. त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, बाकी नशिबाचे डाव गुन्हा. व्हिडिओ गेम पार्लरांच्या काळात हा कौशल्य-नशिबाचा वाद न्यायालयांत गेला आणि १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पार्लरांवर परवान्याचे बंधन घालणे वैध ठरवले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, तो एकदाही अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट करून दिली. आंबोली घाट उतरून तिकडे जाणाऱ्या गाड्यांत कोल्हापूर पासिंगच्या किती असतात हे त्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना विचारावे. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

बंदीने दार बंद होते. दाराआड काय चालते हे मात्र त्याने कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट दुसऱ्या नावाने पुन्हा समोर आली की माणूस पुन्हा तिच्यापुढे बसतो. थोडक्यात हुकल्याचा भास, रेंगाळणारा शेवटचा आकडा, हरतानाही वाजणारे आनंदाचे संगीत, पुढच्या सोडती आधीच रांगेत लावून ठेवणे, ही सगळी हत्यारे पाचिंकोच्या कारागिरांनी चाळीस वर्षे घासून धारदार केलेली आहेत. मोबाईलवरच्या फुकट म्हणवणाऱ्या खेळांतही ती दिसतात, त्यांत पैशाचा डाव असो वा नसो. जुन्या कॅसेटीत ती ढोबळ रूपात आहेत, त्यामुळे ओळखायला सोपी. आठ बिटांच्या कर्कश संगीतात आणि ओबडधोबड आकड्यांत युक्ती लपत नाही.

पुढच्या प्रकरणांत खेळांचा क्रम यंत्रांच्या क्रमाने लावलेला आहे. प्रत्येक खेळासोबत त्याचे मेनू मराठीत समजावून दिले आहेत, कारण यातले जवळजवळ सगळे खेळ जपानी भाषेतच राहिले. ते दुसऱ्या देशांत विकायला कुणी काढलेच नाहीत. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी सुरुवातीपासून वाचावे. ज्यांना यंत्राचा हिशेब हवा आहे त्यांनी पाचिस्लॉटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. घरात वाढत्या वयाची मुले असतील तर ‘पाचिओ-कुन’चे प्रकरण आधी आपण वाचावे आणि मग ठरवावे.

वाचकाला एकच सुचवायचे आहे. यातला कुठलाही एक खेळ मिळवून खेळलात तर शेजारी वही ठेवा. सुरुवातीला यंत्र कंजूष पातळीवर लावा, मग उदार पातळीवर, आणि दोन्ही वेळी हजार-हजार फेऱ्यांचा जमाखर्च लिहा. चार येनांची एक गोळी धरून शेवटी रुपयांत बेरीज करा. नंतर कधी कुणी खराखुरा डाव समोर मांडला, मग तो हॉलमधला असो, पारावरचा असो की मोबाईलवरचा, तर पैसे लावण्याआधी ती बेरीज एकदा वाचून काढा.